पायांनी पाहायची चित्रे

चित्र पाहायचे म्हणजे चित्रासमोर उभे राहायचे, ही आपली जुनी समजूत. भिंतीवर चौकट, चौकटीत चित्र आणि चार हात अंतरावर मान किंचित कलती करून उभा असलेला रसिक. आजवरची कलासमीक्षा बहुतेक या रसिकाच्या डोळ्यांनीच लिहिली गेली. परंतु जे चित्र पायांखाली पसरलेले आहे, ज्याला चौकट नाही, ज्याच्यापर्यंत पोहोचायला तासभर उन्हातून चालावे लागते आणि पोहोचल्यावरही जे एका नजरेत मावत नाही, त्या चित्राचे काय करायचे? त्याची वाहवा करून मोकळे होणे सोपे आहे. त्याचे मोल ठरवणे मात्र अवघड आहे. या लेखात मी तो अवघड उद्योग करणार आहे.

मी कोकणच्या कातळशिल्पांविषयी बोलतो आहे. कलेचे रीतसर शिक्षण मला नाही. मॅट्रिकपुढे परीक्षा दिली नाही, आणि पोट भरले ते शाळेत मुलांना शिकवून. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यातून एक गोष्ट मात्र अंगी मुरली. एखादी कृती वाचकाला कुठे उभे करते, कुठून कुठे नेते, हे तपासल्याशिवाय तिच्याविषयी बोलू नये. तेवढ्याच शिदोरीवर ही समीक्षा आहे.

ज्यांनी कोकण फक्त आगगाडीच्या खिडकीतून पाहिले आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. रत्नागिरी-राजापूरकडे नारळी-पोफळीच्या आगरांवरून चढ चढून वर आले, की एकदम आभाळाखाली उघडा पडलेला, मैलोन् मैल सपाट, जांभ्या दगडाचा माळ लागतो. त्याला सडा म्हणतात. चैत्र-वैशाखात तो तव्यासारखा तापतो. पावसाळ्यात त्याच तव्यावर पाणी साठते आणि सीतेच्या आसवांची निळी-जांभळी नाजूक फुले, गेंदांचे पांढरे ठिपके, दिपकाडीचे तुरे असा थाट उडतो. दिवाळी झाली की गवत पिवळे पडते आणि कातळ पुन्हा हळूहळू वर येतो. या कातळाच्या पाठीवर कोणे एके काळी कोणीतरी खोदलेल्या आकृत्या आहेत. हत्ती, वाघ, मासे, पक्षी, कासवे, माणसे, आणि ज्यांना अजून नाव देता आलेले नाही असे चौकोनी पट. काही वीतभर आहेत, तर काही घराच्या अंगणाएवढ्या.

गावकऱ्यांना यांतल्या कित्येक ठाऊक होत्या. गुरे राखणाऱ्या पोरांनी त्यांवर बसून भाकऱ्या खाल्ल्या होत्या. कुडोपीला तर या बाहुल्यांवरूनच माळाला नाव पडले. परंतु गावाला ठाऊक असणे आणि जगाला ठाऊक होणे यांत आपल्याकडे फार मोठे अंतर असते. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात गावोगाव हिंडून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून हे अंतर पायी तोडले. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत या शिल्पांची नऊ स्थळे गेली. रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातील कुडोपी, आणि गोव्यात कुशावती नदीच्या काठचे फणसायमळ. यादी मी मुद्दाम पूर्ण दिली. आपल्या मुलांना इटलीतील चित्रकारांची नावे पाठ असतात. ही नऊ गावेही पाठ व्हायला हरकत नाही.

२

कशेळीच्या सड्यावर मी एका माघ महिन्यात गेलो. कशेळी म्हटले की आपल्याला कनकादित्याचे देऊळ आठवते. शिल्प आहे ते गावाबाहेर, सड्यावर. बरोबर गावातले एक साठी उलटलेले गृहस्थ होते. डोक्यावर टॉवेल, हातात कोयती. वाट म्हणाल तर गुरांची. दोन्ही बाजूंना मध्येच गडगे, मध्येच करवंदीच्या जाळ्या, आणि मग काहीच नाही, नुसता कातळ. एका जागी ते थांबले आणि म्हणाले, “गुरुजी, वहाणा काढा. हत्ती आला.”

मी इकडे तिकडे पाहिले. हत्ती कुठेच नव्हता. पायांशी कातळात खोदलेली एक रेघ होती, एवढेच. ते म्हणाले, “रेघ धरून चला.” मी निघालो. रेघ सरळ गेली, वळली, खाली उतरली, पुन्हा वर आली. मला वाटते, मी हत्तीच्या मागच्या पायावरून पोटाकडे गेलो असेन. पुढे रेघ लांबलचक झाली आणि एकाएकी आत वळली, तेव्हा माझ्या पोटरीला आधी कळले आणि मग डोक्याला, की ही सोंड. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद अशी ती आकृती आहे. तिच्या देहाच्या आत आणखी कितीतरी प्राणी, मासे आणि पक्षी कोरलेले आहेत. जणू हत्ती हा एक प्राणी नसून सगळे रान आणि सगळा समुद्र पोटात घेऊन उभा राहिलेला कोणी यजमान आहे.

इथे समीक्षकाने थांबले पाहिजे. आपण आज हा हत्ती छायाचित्रात पाहतो तेव्हा तो वरून घेतलेला असतो. आभाळात यंत्र उडवायचे आणि खाली पाहायचे. छायाचित्र फार सुंदर येते. हत्ती पूर्ण दिसतो, ओळखू येतो, कागदावर मावतो. परंतु ज्याने तो कोरला त्याने तो असा कधीच पाहिला नाही. त्याच्याजवळ पंख नव्हते, आणि सपाट सड्यावर चढून पाहायला टेकाडही नाही. तो ओणवा होऊन, गुडघे टेकून, दगडाने दगडावर घाव घालत पुढे पुढे सरकला. पूर्ण हत्ती होता तो त्याच्या मनात. कातळावर त्याच्या वाट्याला आली ती एका वेळी हातभर रेघ. असे असूनही प्रमाण सुटलेले नाही. पाठीचा कणा जिथे वळायचा तिथेच वळतो.

तेव्हा आकाशातून घेतलेल्या छायाचित्रावरून या शिल्पाची समीक्षा करणे म्हणजे कीर्तनाचे टिपण वाचून कीर्तनकाराला गुण देण्यासारखे आहे. या चित्राचे माध्यम दगड आहे तितकेच चालणेही आहे. ते काळात उलगडते. एक वळण संपेपर्यंत पुढचे कळत नाही. पाहणाऱ्याच्या मनात हत्ती हळूहळू जमत जातो, आणि शेवटची रेघ पहिल्या रेघेला मिळाली की तो पुरा होतो. मी कादंबरीकार आहे म्हणून म्हणत असेन, पण मला हा अनुभव चित्रापेक्षा गोष्टीच्या जवळचा वाटला.

वहाणा का काढायच्या, असे मी त्या गृहस्थांना विचारले. देव आहे का हा? ते जरा विचारात पडले. “देव नसंल. पांडवांनी एका रात्रीत केलंन् असं आजा सांगायचा. पण कोणीतरी एवढा जीव ओतलान्, त्यावर वहाण कशी घालायची?” कलाकृतीशी कसे वागावे याविषयी याहून नेमके वाक्य मला कुठल्या ग्रंथात सापडलेले नाही.

३

आता गुणदोषांकडे वळू. कारण जुने म्हणजे थोर, अशी एक भाबडी रीत आपल्यात आहे आणि ती समीक्षेची शत्रू आहे.

पहिला गुण म्हणजे पाहण्याची अचूकता. वर्गात मुलांना मी कधी कधी प्राणी काढायला सांगतो. हत्ती मुले नेहमी बाजूने काढतात, कासव वरून काढतात आणि माणूस समोरून. कोणी शिकवलेले नसते. ज्या बाजूने जी वस्तू सर्वांत चटकन ओळखू येते, ती बाजू मूल निवडते. सड्यावरच्या कारागिरांनीही नेमके हेच केले आहे. हत्ती बाजूने, माणूस समोरून, आणि समुद्रातला पाकट मासा, ज्याची सारी ओळख त्याच्या पसरट अंगात आणि शेपटीत असते, तो वरून. याला कोणी अडाणीपणा म्हणेल. मी याला निवड म्हणतो. वस्तूचे वस्तूपण कुठे आहे हे ओळखून तेवढेच घेणे आणि बाकीचे सोडून देणे हे मोठमोठ्या चित्रकारांना उतारवयात साधते.

दुसरा गुण रेषेचा काटकसरीपणा. जांभा हा काही संगमरवर नव्हे. तो भोकाभोकांचा, खरबरीत, उन्हाने वर काळी साल धरलेला दगड. त्यात डोळ्याची पापणी, हाताची बोटे असले नाजूक काम टिकत नाही. म्हणून चेहरे बहुधा नाहीतच. काही ठिकाणी माणसाची नुसती कंबर आणि पाय आहेत. दगडाला जे झेपेल तेवढेच दगडाकडून मागितले आहे. मराठी लेखकांनी, माझ्यासह, भाषेकडून काही मागताना हे लक्षात ठेवावे.

रचनेच्या दृष्टीने मला सर्वांत मोठे वाटते ते बारसूच्या सड्यावरचे शिल्प. मध्ये माणूस ताठ उभा, आणि दोन्ही बाजूंना त्याच्यावर झेपावणारे दोन वाघ. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवर अशीच कल्पना आहे, तिची आठवण अभ्यासकांना होते, ती स्वाभाविकच आहे. परंतु मुद्रा अंगठ्याएवढी आणि हे शिल्प अंगणाएवढे. लहान मुद्रेत तो माणूस वाघांना आवरताना दिसतो. सड्यावर मात्र आपण स्वतःच दोन वाघांच्या मधून चालत त्या माणसापाशी जातो, आणि मग कल्पनेचा अर्थच बदलतो. तो माणूस वाघांना आवरतो आहे की वाघ त्याला आवरून धरताहेत, हे मला ठरवता आले नाही. ही संदिग्धता हेच त्या कृतीचे बळ होय.

याउलट जांभरूणसारखे पट आहेत, जिथे माणसे, प्राणी, पक्षी, मासे यांची एकाच जागी दाटी आहे. अशा पटांवर आकृत्या एकमेकींची दखल घेत नाहीत. एकीचे डोके जिकडे, तिकडे दुसरीचे पाय. रचना म्हणून पाहू गेल्यास हा विस्कळीतपणाच म्हणावा लागेल. भिंतीवरच्या चित्राला वर-खाली असते. इथे ज्याला जिकडून जागा सापडली त्याने तिकडून बसून कोरले. मला हे पट कलाकृती म्हणून पुरेसे वाटत नाहीत. मात्र गावकीची वही म्हणून मोलाचे वाटतात. ज्याने जे पाहिले ते त्याने नोंदवून ठेवले. आणि नोंदी तरी केवढ्या! कोकणात आज नावालाही नसलेले गेंडा आणि पाणघोडा यांच्या आकृत्या या शिल्पांत अभ्यासकांनी ओळखल्या आहेत. शेतीचे चित्र मात्र त्यांना आढळलेले नाही. त्यावरून ही चित्रे शेतीच्या आधीच्या, शिकारीवर आणि मासेमारीवर जगणाऱ्या माणसांची असावीत आणि दहा-बारा हजार वर्षांमागची असावीत, असा बऱ्याच जणांचा कयास आहे. काही त्यांना त्याहून अलीकडची मानतात.

एक इशारा देणे मात्र भाग आहे. देवाच्या गोठण्याला सड्यावरच्या एका मनुष्याकृतीवर होकायंत्र ठेवले तर त्याची सुई भलतीच दिशा दाखवते. पाहुण्यांना ही गंमत आधी दाखवली जाते आणि ते खूष होऊन परततात. गंमत खरी आहे. जांभ्यात लोह असते. पण होकायंत्र फिरते म्हणून चित्र थोर होत नाही. चमत्काराने डोळे दिपले की चित्राकडे पाहायचे राहून जाते.

४

ही कला कोणाची? ज्याने कोरली त्याची, हे उत्तर तोंडावर येते. पण कोरणाऱ्याचे नाव नाही, गाव नाही, भाषासुद्धा नाही. आणि दुसरे असे की नुसत्या कोरण्याने ही चित्रे टिकलेली नाहीत. दर पावसाळ्यात रेघांत माती जाते, शेवाळ धरते, गवत उगवते. दहा-वीस वर्षे कोणी फिरकले नाही तर हत्ती मातीखाली जातो. गोव्यात कुशावतीच्या काठचे पट असेच गाळाखाली होते. गावच्या लोकांनी सांगितले, तेव्हा १९९३ साली पुरातत्त्व खात्याची माणसे तिथे पोहोचली आणि बैल, हरणे, भूलभुलैयाचे मोठे वर्तुळ उजेडात आले.

या प्रश्नाचे एक सुरेख उत्तर इंग्लंडमध्ये आहे. मी ते गाव पाहिलेले नाही, आणि न चाललेल्या चित्रावर मत द्यायचे नाही हे माझे व्रत असल्याने त्या चित्राच्या सौंदर्याविषयी मी बोलणार नाही. तिथल्या रिवाजाविषयी मात्र बोलता येईल. अफिंग्टन नावाच्या गावाजवळ खडूच्या टेकडीवर एक पांढरा घोडा आहे, सुमारे ११० मीटर लांब. चर खणून त्यांत खडूचा चुरा ठासून तो काढलेला आहे. तो जवळजवळ तीन हजार वर्षांचा असावा, असे १९९० नंतरच्या तपासणीत निघाले. त्याच्या अगदी जवळून रिजवे नावाची सुमारे १४० किलोमीटरची जुनी पायवाट जाते आणि आजही लोक ती हौसेने चालतात. टेकडीवर उभे राहिले तर हा घोडाही पुरता दिसत नाही. म्हणजे आमच्या कशेळीच्या हत्तीचा हा दूरचा सोयराच.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. हा घोडा खुरपला नाही तर थोड्याच वर्षांत गवताखाली जाईल. म्हणजेच तीन हजार वर्षे, राज्ये बदलली, धर्म बदलला, भाषा बदलल्या, तरी प्रत्येक पिढीत कोणी ना कोणी टेकडीवर चढून गवत खुरपत आले आहे. पूर्वी या खुरपणीची जत्रा भरे. कुस्त्या होत, शर्यती लागत, उतारावरून चीजचे गोल गोळे सोडून देत आणि पोरे त्यांच्यामागे धावत. १८५७ च्या अशाच एका जत्रेवर टॉमस ह्यूज या कादंबरीकाराने १८५९ साली पुस्तक लिहिले. आज ती जत्रा नाही. पण स्वयंसेवक येऊन हातोड्यांनी नवा खडू ठोकतात. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना खूण सापडू नये म्हणून घोडा झाकून ठेवला होता, तोही पुढे पुन्हा उघडला.

आता सांगा, तो घोडा कोणाचा? पहिला चर खणणाऱ्याचा, की त्यानंतरच्या शंभर पिढ्यांचा? मला वाटते, लोककला या शब्दाचा खरा अर्थ इथे आहे. लोकांनी मिळून काढली म्हणून ती लोककला, एवढे म्हणून भागत नाही. लोक मिळून जिची राखण करतात ती लोककला. काढणारा एकटाही असू शकतो. राखण मात्र एकट्याला जमत नाही.

या कसोटीवर आपल्या सड्याकडे पाहावे. आजा नातवाला सांगतो, वाटेने जाताना वहाण काढ. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळचा चौकोनी पट गावाने श्रद्धेने जपला. पांडवांची कथा इतिहास म्हणून खोटी असेल. पण राखणदार म्हणून तिने हजार वर्षे चोख काम केले आहे. आपल्या वेशीवरच्या वीरगळांचेही तसेच. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेताहेत, वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. वीराचे नाव कोणाला आठवत नाही, तरी त्याला शेंदूर लागतो. शेंदराने शिल्प झाकले जाते हे खरे. पण शेंदूर लागतो म्हणून ते दगड पायरीला बसवले जात नाहीत, हेही खरे.

५

वाटेवरच्या कलेचा आजचा अवतारही आपल्यापुढे आहे, आणि त्याविषयी न बोलणे अप्रामाणिक होईल. कोणत्याही धबधब्याच्या, किल्ल्याच्या वा अभयारण्याच्या वाटेने जा. सिमेंटचे हरिण दिसेल, त्याला तेलकट पिवळा रंग. सिमेंटचा वाघ, ज्याच्या चेहऱ्यावर वाघापेक्षा मामलेदाराचा भाव अधिक. पुढे माणसाएवढ्या उंच अक्षरांत ‘आय लव्ह’ आणि त्यापुढे गावाचे नाव. लोक तिथे रांग लावून छायाचित्रे काढतात आणि परत फिरतात. माझी तक्रार सिमेंटबद्दल नाही. गावच्या शिंप्याने, सुताराने मनापासून केलेला ओबडधोबड सिमेंटचा नंदीही मला चालेल. तक्रार ही की हा वाघ त्या वाटेचा नाही. तो ठेकेदाराच्या आवारात साच्यात ओतला, ट्रकने आणला आणि उतरवला. उद्या दुसऱ्या जिल्ह्यात उतरवला तरी त्याला काही फरक पडणार नाही. गाव त्याची राखण करीत नाही. रंग उडाला की निविदा निघते.

नवी कला वाटेवर ठेवूच नये, असे मी म्हणत नाही. इंग्लंडातच ग्रायझडेल नावाचे जंगल आहे. तिथे १९७७ पासून शिल्पकारांना बोलावतात. त्यांनी रानात राहायचे, रानातलेच लाकूड-दगड घ्यायचे आणि वाटेच्या कडेने काम करायचे. अँडी गोल्ड्सवर्दी या शिल्पकाराने १९९० साली तिथे झाडांना वळसे घालत जाणारी दगडांची कोरडी भिंत रचली. ऐकून कोकणी माणूस म्हणेल, हा तर आमचा गडगाच! खरेच आहे, गडगाच. लाकडी शिल्पे कुजतात, त्यांना कुजू देतात. यामागचा विचार मला पटतो. जे वाटेवर ठेवायचे ते वाटेच्या मातीतून आलेले असावे, आणि तिथल्या ऊन-पावसाला त्यावर हक्क असावा.

मग जुन्या शिल्पांना कुंपण घालावे की नाही? हा प्रश्न मी पुष्कळ दिवस मनात घोळवला. उक्षीला गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन हत्तीभोवती जांभ्याच्या चिऱ्यांचे गोल कुंपण बांधले आणि उंचावरून पाहायची सोय केली. तिथे उभे राहिले की हत्ती बरोबर समोर येतो, पूर्ण दिसतो. मघाशी मी जे म्हटले त्या हिशेबाने मला हे नापसंत पडायला हवे, आणि काही अंशी पडतेही. कुंपण बांधले त्या दिवशी चालण्याचे चित्र पाहण्याचे चित्र झाले. रेघेवर पाऊल ठेवून सोंडेपर्यंत जाण्याचा अनुभव तिथे आता मिळणार नाही. तरीसुद्धा मी त्या गावकऱ्यांना दोष देणार नाही. कुंपण चिऱ्याचे आहे, गावाने घातलेले आहे, आणि ते नसते तर कदाचित एखाद्या मोटारीचे चाक हत्तीच्या पाठीवरून गेले असते. वहाणा काढायला सांगणारा आजा प्रत्येक वाटेवर बसवता येत नाही. तो नसेल तिथे गडगा हवा.

माझा आक्षेप वेगळ्या गोष्टीला आहे. कुंपण घातले म्हणजे राखण झाली, या समजुतीला.

६

सड्यावर आज काय चालले आहे? जांभ्याला मागणी आहे. चिरेखाणी सड्याचे चौकोनी तुकडे पाडीत पुढे सरकतात. यंत्राच्या करवतीला हत्ती आणि कातळ यांतला फरक कळत नाही. रस्ते रुंद होतात, बागांसाठी सुरुंग लागतात, जमिनी मुंबई-पुण्याच्या माणसांच्या नावावर होतात आणि गुरांच्या वाटांना तारा लागतात. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले तेव्हा २०२३ साली गावकरी, त्यांत बायाबापड्या पुष्कळ, भर उन्हात कातळावर बसले. प्रकल्प हवा की नको, हा वाद माझ्या लेखाचा विषय नाही. कोकणच्या पोरांना पोटासाठी मुंबई गाठावी लागते हे मला रोजच्या हजेरीपटावर दिसते, आणि त्यांच्या आईबापांना उपदेश करायचा मला अधिकार नाही. पण त्या वादात एक वाक्य पुनःपुन्हा ऐकू आले, त्याचे उत्तर समीक्षकाने दिले पाहिजे. शिल्पांना हात लागणार नाही, तेवढी जागा सोडून बाकीचे घेऊ, असे ते वाक्य.

तेवढी जागा म्हणजे केवढी? भिंतीवरचे चित्र चौकटीत संपते. सड्यावरचे कुठे संपते? हत्तीपर्यंत जाणारी गुरांची वाट हा त्या चित्राचा पहिला भाग आहे. वाट चालून अंग तापते, डोळे क्षितिजाला सरावतात, आजूबाजूला काहीच नाही असे वाटू लागते आणि मग पायाशी रेघ येते. त्या ‘काहीच नाही’शिवाय ती रेघ म्हणजे दगडावरचा ओरखडा. चारी बाजूंना खाणीचे खड्डे आणि मध्ये तार घातलेला एक चौथरा राहिला, तर आपण शिल्प वाचवले असे अहवालात लिहिता येईल. प्रत्यक्षात आपण एका काव्यातले एक नाम तेवढे राखून बाकीच्या ओळी पुसलेल्या असतील.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. जपायची ती वाट. शिल्पाबरोबर त्याच्याकडे नेणारी पायवाट, भोवतीचा सडा, त्यावरचे पावसाळी पाणी आणि दिपकाडी, हे सारे एका कृतीचे अवयव समजून जपले पाहिजे. आणि ते जपणाऱ्यांत गावची माणसे पहिल्या पाटावर हवीत. वाटाड्या गावचा असावा. रेघांतली माती काढायचे काम, जाणकारांना विचारून, हळुवार हाताने, गावच्या शाळेच्या मुलांनी वर्षातून एकदा करावे, आणि त्या दिवशी सड्यावर जेवण व्हावे. खुरपणीची जत्रा इंग्लंडातच भरावी असा काही नियम नाही. युनेस्कोच्या यादीत नाव गेल्याचा आनंद आहेच. पण यादीला खुरपे धरता येत नाही.

हे सारे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. हा अंक हाती पडेल तेव्हा आपल्या दारात रांगोळी असेल. ती काल होती, रात्री पुसली गेली, पहाटे पुन्हा घातली. शेजारी पोरांनी माती-दगडांचा किल्ला केला असेल. तो पुढच्या पावसात विरघळेल आणि पुढच्या दिवाळीत पुन्हा उभा राहील. रांगोळीचे तेच ठिपके आजीच्या हातून आईच्या, आईच्या हातून लेकीच्या बोटांत येतात. त्यांवर कोणाची सही नसते आणि त्यांना कोणी कुंपण घालीत नाही. जिन्यावरून उतरणारा पाहुणा आपण होऊन पाय उचलून कडेने जातो. हे पाय उचलणे जोवर आपल्या अंगी आहे, तोवर सड्यावरच्या हत्तीला भय नाही. ते गेले, तर चिऱ्यांची कितीही उंच भिंत घातली तरी आत राहील तो दगड.